एका दिवसात जुनं सोलापूर: बाबांना आणि लेकीला कुठे कुठे नेऊ?

मृण्मयी (पुणे)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात एका शनिवारी सोलापूरला येतेय. सोबत बाबा (वय ७६) आणि सातवीतली लेक. बाबा मिलमध्ये विणखात्यात होते. मिल बंद पडली आणि आम्ही पुण्याला आलो, तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर सोलापूरला येणं झालं ते लग्नकार्यापुरतंच. स्टेशनवरून कार्यालयात आणि कार्यालयातून परत स्टेशनवर. लेकीला सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी एवढंच माहीत. तिला आजोबांचं गाव दाखवायचंय. जुन्या पेठा, जुनी दुकानं, जमलं तर चालू असलेला एखादा माग. बाबांचे गुडघे दुखतात; वीस-पंचवीस मिनिटं चालले की टेकावं लागतं. काय बघू, कोणत्या क्रमाने आणि काय सोडून देऊ?

कसब्यातला

ताई, या की! सकाळी सातला सिद्धेश्वर मंदिरापासून सुरुवात करा. तळ्यावर वारा असतो, गर्दी नसते आणि बाबांना बसायला हवी तेवढी जागा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावात आणि भोवताली ६८ लिंगं स्थापली. आमच्या पेठांमधून फिरताना त्यातलं एखादं घराच्या भिंतीला टेकून सापडतं. लेकीला संमती कट्टा नक्की दाखवा. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला आणि शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, ही कथा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्या कट्ट्यापाशी येतात आणि अख्खं गाव अक्षता टाकतं. मी लहानपणापासून एकही अक्षता सोहळा चुकवलेला नाही.

भुईकोट किल्ला तळ्याला लागूनच आहे. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. आत फार चालावं लागतं. बाबांना तळ्याकाठी बसवा आणि तुम्ही दोघी अर्ध्या तासात आतले मंदिराचे अवशेष बघून या.

होटगीरोडवाला

किल्ला सोडून द्या, असं माझं मत. एका दिवसात तट, तळं, पेठा, माग सगळं कोंबलं तर मुलीच्या लक्षात फक्त रिक्षा राहील. त्यापेक्षा चाटी गल्लीत दीड तास काढा. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, त्यावरून गल्लीचं नाव. आत्तापर्यंत तिथे कापडच विकलं जातंय, यासारखा जिवंत इतिहास दुसरा कुठला? पांढऱ्या गादीवर बसून साडी बघायची. इरकलीचा पदर एका झटक्यात गुडघ्यावर उलगडतो, घडी मोडते, पण गादीवरच्या माणसाचं लक्ष गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे. डावीकडच्या बाईंशी कन्नडमध्ये, उजवीकडच्यांशी तेलुगूत आणि आपल्याशी मराठीत, तेही वाक्य न तोडता. पुण्याच्या मुलीला हे ऐकू द्या. काही घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण एखादं खणाचं कापड घेतलंत तर शोभेल.

तिथून मधल्या मारुतीचा बाजार पायी जवळ आहे. पूजेचं सामान, बाशिंगं, मुंडावळ्या. बाबांचं लग्न सोलापूरला झालं असेल तर बाशिंग कुठून आणलं होतं ते विचारा.

सुलभा जोशी (निवृत्त शिक्षिका)

मृण्मयी, मंदिराकडून बाजारात जाताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पाच मिनिटं तरी थांब. मी सदतीस वर्षं शिकवलं, दरवर्षी वर्ग तिथे नेला. लेकीला सगळं सांग, घाई करू नकोस.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. मिलचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल गावातून उठलाच. मग १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणूनसुद्धा माणसं पकडली. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीच्या खटल्यात चौघांना गोवलं आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं मोठ्याने वाचायला लाव. चार आडनावांत आपलं सगळं गाव येतं. दर १२ जानेवारीला इथे हार पडतात आणि त्याच आठवड्यात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला असतो. तुला तारीख बदलता येत असेल तर तेव्हाच ये.

शेजारी महापालिकेची इंद्रभुवन इमारत आहे. आप्पासाहेब वारदांनी राहण्यासाठी बांधलेला वाडा. बाहेरून कमानी आणि नक्षी बघितली तरी पुरे. आणि वेळ उरला तर भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर, आता स्मारक आहे. १९१० चा जन्म, चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले.

साखरपेठ

वर कुणीच पूर्व भागाचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितोय. ताई, तुमचे बाबा विणखात्यातले. त्यांना देवळांपेक्षा माग बघायला आवडेल, हे लिहून घ्या. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी सुरू केलेली ती जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरण्यांची शान गेली, पण कन्ना चौक ते अशोक चौक आमच्या पद्मशाली विणकरांच्या घरांत मागांची खटखट अजून चालू आहे. दुपारी जेवणानंतर या. कुठल्याही कारखान्याच्या दारात उभं राहून "बघू का?" एवढं विचारा. बाबा मिलचे आहेत म्हणालात तर चहा झाल्याशिवाय सोडणार नाहीत.

मुलीला जेकार्ड दाखवा. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. मुलगी शाळेत कॉम्प्युटर शिकत असेल तर तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. एका कोपऱ्यात बायका दोऱ्याच्या कांड्या भरत असतात, त्यांच्याही शेजारी बसू द्या. कापसाची पूस पापण्यांवर बसते. सर्दी-खोकला असेल तर तोंडाला रुमाल बांधा.

होटगीरोडवाला

चादरीबद्दल एक कळकळीचं. गेल्या वर्षी मी स्वतः फसलो. पाहुण्यांना द्यायला घाईत एका दुकानातून सहा चादरी घेतल्या. दोन धुण्यांत रंग गेला. माल बाहेरचा होता, शिक्का तेवढा सोलापूरचा. सोलापूरकर असून फसलो, याचं फार वाईट वाटलं.

साखरपेठ

दादा, बाहेरगावचा माल आपल्या नावाने विकतात, त्याने आमच्या पोटावर पाय येतो. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हे चालूच आहे. ओळखायची रीत सांगतो. चादर उलटून बघा. जेकार्डची चादर दोन्ही बाजूंनी वापरायची असते; समोर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, तितकाच स्वच्छ. मागे लोंबते दोरे किंवा फिका छाप दिसला तर ठेवून द्या. हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे. आणि विणणाऱ्याकडूनच किंवा पुलगमसारख्या नावाजलेल्या पेढीतून घ्या.

कसब्यातला

जेवणाचं राहिलंच! कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर कांदा. चटणी कुटलेली घ्या, मिक्सरची नको. उखळात कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि लसूण-तिखट त्यात मुरतं. चिमूट दाबली की बोटाला तेल लागलं पाहिजे. संध्याकाळी नवी पेठेत फिरून पावभाजी खा आणि गाडी पकडा. मे महिन्यात मात्र येऊ नका, ऊन सोसवणार नाही.

मृण्मयी (पुणे)

जाऊन आलो! किल्ला सोडला, इंद्रभुवन रिक्षातूनच बघितलं, कोटणीस स्मारक राहून गेलं. मंदिरात बाबा तासभर तळ्याकडे बघत बसले. चाटी गल्लीतून दोन खण घेतले. बाशिंगाचं विचारलं तर बाबा आईच्या मामांपर्यंत गेले. त्या मामांचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं.

साखरपेठ दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. अशोक चौकाच्या अलीकडे एका कारखान्यात शिरलो. मालकांशी बोलता बोलता मागावरचा दोरा तुटला, आणि कारागीर यायच्या आत बाबांनी दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारली, नखाने उरलेलं तोडलं, माग चालू. तीस वर्षांत हात विसरला नव्हता. लेकीने "परत दाखवा" म्हणून त्यांच्याकडून तीच गाठ दहा वेळा मारून घेतली. गाडीत कुर्डुवाडीपर्यंत तेच चाललं होतं. सुलभाताई, चारही नावं तिने वहीत लिहून घेतलीत.

आता एकच शंका. चटणी दोन किलो आणलीय. फ्रिजमध्ये ठेवायची का बाहेर?

कसब्यातला

बाहेरच. काचेच्या बरणीत दाबून भरा आणि ओला चमचा घालू नका. महिनाभर काही होत नाही, पण दोन किलो एवढी टिकेल असं वाटत नाही.