11 वेळा एकच आमदार, म्हणून सांगोला मागे?

माणकाठ: कालची पोस्ट: 'सांगोल्यानं एकाच माणसाला 11 वेळा आमदार केलं, म्हणून तालुका मागे राहिला.' वाचून डोकं फिरलं. आबासाहेब, म्हणजे शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) गणपतराव देशमुख, 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पाडलं, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आणलं. 1995 ला पुन्हा पाडलं, तेही 192 मतांनी. ही काय आंधळी भक्ती? मंत्रिपद दोनदाच, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि 1999 ला. बाकी जन्म विरोधी बाकावर. आणि टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा कुणी घेतल्या?

कोरडवाहू: पोस्ट माझीच. परिषदा घेतल्या, पण पाणी कधी आलं? आजा वाट बघत गेला. विरोधात बसण्याचं कौतुक ज्याचा नळ चालू आहे त्यानं करावं.

एसटीचा_प्रवासी: आबासाहेब एसटीनं फिरायचे. आजचा सरपंच स्कॉर्पिओशिवाय उतरत नाही.

कोरडवाहू: एसटीनं फिरले म्हणून विहिरीला पाणी लागतं का?

डाळिंबवाला: पाणी पाणी काय करता? सांगोला उभा राहिला डाळिंबावर. 1990 ची रोजगार हमीतली फळबाग योजना आली, माळरानावर बंगले झाले. यात आमदाराचा काय संबंध?

माणकाठ: दुष्काळी तालुक्यात रोजगार हमीसाठी आयुष्यभर भांडलं कोण? तेवढं सोयीनं विसरा.

कोरडवाहू: बंगले दाखवू नका. माझी दोन एकर बाग तेल्या रोगानं गेली, उरलेली मर रोगानं. टँकरचं पाणी विकत घालून जगवली होती.

डाळिंबवाला: मर वाढते ती पाणी जास्त झाल्यावर. ठिबक रात्रभर चालू ठेवलं असणार.

कोरडवाहू: टँकरचं पाणी रात्रभर सोडायला मी वेडा आहे का? बांधावर येऊन बघा, मग अक्कल शिकवा.

डाळिंबवाला: मग रोपंच रोगट आणली असतील. आमच्या चुलत्यानंही स्वस्तातली आणली, तीन वर्षांत बाग उपटली. छाटणी करताना कात्री तरी निर्जंतुक करता का?

कोरडवाहू: करतो. रोपं मात्र स्वस्तातली होती. झालं समाधान?

पुण्यातला_सांगोलकर: बागेचं नंतर बघा. मी ऑफिसात गाव सांगितलं की सगळे 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून दात काढतात. 2019 ला 768 मतांनी शहाजीबापू पाटलांना आमदार करून आम्ही हे कमावलं.

कोरडवाहू: शहाजीबापूंनी निदान सांगोला देशाला माहीत तरी केला.

माणकाठ: हो, 2022 च्या शिंदेंच्या बंडात गुवाहाटीच्या हाटेलातून फोनवर बोलून. 2024 ला लोकांनी बिल दिलं. पंचवीस हजारांनी शेकाप परत.

कोरडवाहू: म्हणजे परत देशमुखच. आजोबा झाले, आता नातू. तुमच्या लाल बावट्यातही घराणेशाही चालते तर.

माणकाठ: हे मात्र मलाही टोचतं. पण बाबासाहेब निवडून आलेत, वारसा हक्कानं सातबाऱ्यावर नाव लागलं नाही.

डाळिंबवाला: कोरडवाहू, रोपं कुठल्या जातीची होती? भगवा का?