मेंदू टोळीतला, हातात अणुबॉम्ब: माणसाला बुडवणार कोण, अंतःप्रेरणा की बुद्धी?

शंकेखोर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो, पटलं नाही तर बिनधास्त हाणा.

आपली जात म्हणजे होमो सेपियन्स, वय साधारण ३ लाख वर्षं, आणि त्यातली जवळपास सगळी वर्षं छोट्या छोट्या टोळ्यांत गेली. झुडपात खसफस झाली की आधी पळायचं, विचार नंतर. अनोळखी माणूस दिसला की आधी संशय. मिळालं की साठवायचं, कारण उद्याचा भरवसा नाही. तेव्हा हे सगळं बरोबरच होतं, जे उगाचच्या उगाच घाबरले ते जगले आणि जे निवांत बसले त्यांचे वंशज हे वाचायला इथे नाहीयेत.

लोचा असा झाला की आतला तो सरड्याचा मेंदू तसाच राहिला आणि हातातली वस्तू बदलली. दगडाने एका वेळी एक डोकं फुटायचं. १९४५ मध्ये एका बॉम्बमध्ये हिरोशिमा गेलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जगात साठ हजारांच्या वर अण्वस्त्रं होती. आता बारा हजारांच्या आसपास आहेत म्हणे, आनंद व्हायचा त्याला होऊ दे.

आपण समजतो की बुद्धी या जुन्या ऊर्मींवर लगाम ठेवायला आहे. माझं म्हणणं, ती बहुतेक वेळा त्यांच्या चाकरीत असते. भीती ओरडते शत्रू आलाय, बुद्धी म्हणते थांब, क्षेपणास्त्र बनवून देते. हाव म्हणते अजून पाहिजे, बुद्धी समुद्राच्या तळाला भोक पाडून तेल काढून देते. आणि कळत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ अरेनियसने १८९६ मध्येच हिशोब मांडून दाखवला होता की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापणार. कारखाने यायच्या आधी तो दहा लाखात २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. सव्वाशे वर्षं कळतंय आणि सव्वाशे वर्षं वळत नाहीये.

नुसत्या ऊर्मींवर जगणारा प्राणी स्वतःची अख्खी जात संपवू शकत नाही, तेवढी त्याची पोचच नसते. ऊर्मी आणि बुद्धी ही दोन्ही एकत्र आली की मात्र अवघड आहे, आणि ती एकत्र फक्त आपल्यात आलीयेत.

कोलदांडा

ते सरड्याच्या मेंदूचं प्रकरण सोडा हो आता. खाली सरडा, मध्ये सस्तन प्राणी, वर शहाणा माणूस अशी तीन मजली मेंदूची कल्पना पॉल मॅक्लीनने साठच्या दशकात मांडली, भाषणबाजीला ती फार सोयीची असल्यामुळे अजून फिरतेय, पण मेंदूवाले संशोधक तिला कधीच रामराम करून बसलेत. सरड्यालाही पुढचा मेंदू असतो. उत्क्रांतीने जुन्या घरावर नवा मजला चढवला नाही, सगळे भाग एकत्रच बदलत गेले. अमिग्डाला (भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग) आणि कपाळामागचा भाग यांच्यात दोन्ही बाजूंनी सतत देवाणघेवाण चालू असते. त्यामुळे आदिम विरुद्ध बुद्धिमान ही कुस्तीच मुळात लुटुपुटूची आहे.

आणि कुस्ती लावायचीच असेल तर माझा आरोप बुद्धीवर आहे. रागाच्या भरात माणूस एकाला मारेल, दोघांना मारेल, मग दमेल, रडेल. लाखो मारायला वेळापत्रक लागतं. २० जानेवारी १९४२, बर्लिनजवळ वान्झे, एका बंगल्यात १५ अधिकारी जमले आणि युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या कामाची खात्यांमध्ये वाटणी कशी करायची ते ठरवलं, साधारण दीड तासात. त्या पंधरापैकी आठ जण डॉक्टरेटवाले. कुठली खसफस आणि कुठलं झुडूप? बैठक झाली, इतिवृत्त लिहिलं गेलं, प्रती वाटल्या गेल्या.

शंकेखोर

सरडा मागे घ्या हवं तर, माझा मुद्दा शरीररचनेचा नव्हताच. पण त्या पंधरा जणांना ज्यू 'आपले' का वाटले नाहीत ते सांगा की. 'आपले' आणि 'ते' ही फूट बैठकीत ठरली नाही, ती आधीपासून मनात होती, बैठकीने फक्त तिची अंमलबजावणी केली.

रवांडा घ्या, १९९४. रेडिओवरून तुत्सी जमातीच्या शेजाऱ्यांना रोज झुरळं म्हटलं जायचं. झुरळच का? कारण किळस ही आपली फार जुनी ऊर्मी आहे, कुजलेलं, रोगट दिसलं की लांब हो किंवा चिरड. माणसाला झुरळ म्हटलं की तीच कळ दाबली जाते. साधारण १०० दिवसांत काही लाख माणसं मेली, त्यातली कितीतरी कोयत्यांनी, ओळखीच्या लोकांच्या हातून. डोकी थंड असतील हो, पण कोयता धरलेले हात थंड नव्हते.

कोलदांडा

रेडिओ स्टेशन कोणीतरी काढलं, याद्या कोणीतरी बनवल्या, कोयते आधीपासून मागवून ठेवले. ऊर्मी काही याद्या बनवत नाही.

उंबरठा

तुम्ही दोघं भांडताय पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीये, की ऊर्मी म्हणजे वाईटच, वाद फक्त गुन्ह्यात वाटा किती याचा. मला हेच पटत नाही.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. सोव्हिएत युनियनच्या उपग्रह यंत्रणेने दाखवलं की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय, आधी एक, मग आणखी चार. ड्युटीवर होता स्तानिस्लाव पेट्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल. नियमाप्रमाणे त्याने वर हल्ल्याची खबर द्यायची, पुढचं वरचे बघतील. आणि कॉम्प्युटर म्हणत होता खात्री अगदी वरच्या दर्जाची. त्याने खोटा इशारा म्हणून कळवलं. नंतर निघालं की उंचावरच्या ढगांवर सूर्यप्रकाश चमकला तो उपग्रहाला क्षेपणास्त्राचा जाळ वाटला. पेट्रोव्हने पुढे मुलाखतींत सांगितलं की आतून वाटलं, खात्री अशी नव्हतीच. मग वाचवलं कोणी, मशीनच्या हिशोबाने की माणसाच्या आतल्या आवाजाने?

दुसरं, भावना काढून टाकल्या तर माणूस शहाणा होतो हाही गैरसमज आहे. अंतोनिओ दामासिओ या मेंदूतज्ज्ञाचा एक रुग्ण होता, त्याच्या कपाळामागचा ट्यूमर काढला तेव्हा तिथला थोडा भागही गेला. बुद्ध्यांक चांगला, स्मरणशक्ती चांगली, बोलणं व्यवस्थित, फक्त भावना बोथट झाल्या. आणि त्या माणसाला साधे साधे निर्णय घेता येईनात, कागद कसे लावायचे यावर तासन् तास घालवायचा. नोकरी गेली, पैसा गेला, संसार मोडला. शुद्ध बुद्धी म्हणतात ती ही.

शंकेखोर

पेट्रोव्ह तुम्ही सांगितला, आता दुसरी बाजू ऐका. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेच ऐन भरात. बी-५९ नावाची सोव्हिएत पाणबुडी, आत जीव घेणारा उकाडा, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क तुटलेला आणि वरून अमेरिकन जहाजं तिला वर आणायला सरावाचे छोटे बॉम्ब टाकतायत. आत असलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे जे सांगितलं त्यानुसार कॅप्टनचा तोल गेला, वर युद्ध सुरूच झालंय असं समजून त्याने अणुटॉर्पिडो तयार करायला सांगितला. पाणबुडीवरच्याच वासिली अर्खिपोव्ह या दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं म्हणून निभावलं. त्या कॅप्टनलाही आतूनच वाटत होतं की हो. तुमचा आतला आवाज तुम्हाला एका रात्री वाचवतो आणि दुसऱ्या रात्री मारायला निघतो, असल्या आवाजावर जगाने विसंबून राहायचं?

चौकस

आतापर्यंत नुसता वाचत होतो, पण पेट्रोव्हची गोष्ट अर्धीच सांगितली जाते म्हणून लिहितो. तो स्वतः इंजिनिअर होता. यंत्रणा नवी आहे, कच्ची आहे हे त्याला माहीत होतं. जमिनीवरच्या रडारला काही दिसत नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला प्रश्न पडला की अमेरिका महायुद्ध सुरू करणार असेल तर पाचच का सोडेल? शेकडो सोडेल ना. याला आतला आवाज म्हणा हवं तर, मी त्याला मुरलेलं ज्ञान म्हणतो. कोलदांडा म्हणतात तसं दोन्हींत भिंत नाहीच.

आता बी-५९ आणि पेट्रोव्ह शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मेंदू माणसाचाच, अणुबॉम्बही होते. पेट्रोव्हला खुर्ची होती, फोन होता, विचारायला काही मिनिटं होती. कॅप्टनकडे उकाडा होता आणि डोक्यावर स्फोट. म्हणजे प्रश्न मेंदू कुठला यापेक्षा त्याला वेळ किती दिलाय हा आहे, आणि माझ्या मते याच्याइतका महत्त्वाचा दुसरा प्रश्न या विषयात नाही. एका खंडातून दुसऱ्या खंडात क्षेपणास्त्राला साधारण अर्धा तास लागतो, जवळच्या पाणबुडीतून सोडलं तर त्याहून बरंच कमी. त्यातून शोध, खातरजमा, वरपर्यंत निरोप हे वजा करा, राष्ट्रप्रमुखाच्या वाट्याला मोजकी मिनिटं उरतात. एवढ्या वेळात तुमचा माझा मेंदू काय करणार? पळ किंवा मार, एवढंच.

आणि हे एकदाच झालंय असंही नाही. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात प्रशिक्षणाचा प्रोग्रॅम चुकून खऱ्या यंत्रणेत चालला आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसायला लागला. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी सोडलेलं रॉकेट रशियाला संशयास्पद वाटलं आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं सोडायचा आदेश द्यायची ती बॅग उघडली गेली. नॉर्वेने आधी कळवलं होतं बरं का, ते पत्र योग्य माणसापर्यंत पोचलंच नाही. यात सरडा कुठे आहे? कारकुनी आहे. पण कारकुनीतला घोळ निस्तरायला मिनिटं कमी पडली की भीती कामाला लागते. तो घड्याळाचा खेळ मांडणारे सगळे एकापेक्षा एक हुशार गणिती लोक होते.

निवांत

काय हो हा सगळा सुतकी सूर! माणसाने बरोबर केलेलं काही आठवतंच नाही का कोणाला?

देवी. हजारो वर्षं माणसं मारणारा रोग, १९८० मध्ये संपला म्हणून जाहीर झाला, तेही शीतयुद्ध चालू असताना. सोव्हिएतने ढिगाने लस दिली, अमेरिकेने पैसा आणि माणसं दिली, आणि दोघांची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेलीच होती. ओझोनचं बघा, अंटार्क्टिकावरचं भगदाड १९८५ मध्ये जगापुढे आलं आणि १९८७ मध्ये ओझोन खाणारी रसायनं आवरायचा मॉन्ट्रियलचा करार झाला. दोन वर्षांत! पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिली. टोळीत राहून आपण नुसतं भांडायला शिकलो नाही, वाटून घ्यायला आणि दुसऱ्याचं पोर सांभाळायलाही शिकलो, तीही ऊर्मीच आहे आणि तितकीच जुनी.

उंबरठा

+१. मदत करणं हा वरून लावलेला रंग नाही. फक्त तिची पोच कमी आहे. बुडणारं एक पोर दिसलं की कोणीही उडी मारेल, तेच एक लाख पोरं म्हटलं की आकडा होतो आणि आकड्यासाठी पोटात कालवत नाही.

कोलदांडा

निवांत, ओझोन तुम्हीच काढलात म्हणून, ते भगदाड पाडलं कोणी? थॉमस मिजली. १९२० च्या दशकात याच माणसाने पेट्रोलमध्ये शिसं घातलं, आणि नंतर फ्रिजसाठी सीएफसी वायू शोधला. आणि का शोधला, तर आधी फ्रिजमध्ये विषारी वायू असायचे, गळती झाली की माणसं मरायची. सीएफसी पेटत नाही, विषारी नाही, एकदम सुरक्षित. हेतू चांगला, डोकं चांगलं, राग लोभ काही नाही, आणि आभाळाला भोक. म्हणून म्हणतो, खलनायक शोधताना गुहेत जाऊ नका, प्रयोगशाळेत बघा. बुद्धीला पुढची एक पायरी दिसते, पाचवी दिसत नाही, आणि आत्मविश्वास मात्र पन्नासाव्या पायरीचा.

अवांतर: रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर पण आठवला. त्याच्या अमोनियाच्या खतावर आज निम्म्या जगाचं धान्य पिकतं आणि १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रला विषारी क्लोरीन सोडायच्या कामावर देखरेख करायलाही तोच.

शंकेखोर

आणि ओझोन सुटलं ते का? कातडीचा कॅन्सर म्हटल्यावर लोक टरकले, पर्यायी रसायनं मिळत होती, बनवणाऱ्या कंपन्या मूठभर होत्या. भीती जवळची होती आणि खर्च लांबचा. हवामानाचं नेमकं उलटं आहे, खर्च आज आणि मार उद्या, तोही बहुतेक दुसऱ्याच्या नातवंडांना. त्याला आपल्या आत कुठली घंटाच वाजत नाही.

निवांत

मग ज्याला घंटा, घाम, घबराट काही नाही त्याच्यावर सोपवा की निर्णय. मशीन घाबरत नाही, झोप कमी झाली म्हणून चिडत नाही.

चौकस

त्या रात्री मशीननेच पाच दाखवली होती राव, तीही पूर्ण खात्रीने. पेट्रोव्हच्या खुर्चीत दुसरं मशीन असतं तर त्याने पहिल्या मशीनवर विश्वास ठेवला असता आणि निरोप वर गेला असता. आणि मशीन वेगवान आहे म्हणून समोरचाही मशीन लावणार, मग उरलेली मिनिटंही गेली. उपाय उलट्या दिशेला आहे, वेळ वाढवा. क्षेपणास्त्रं सोडायच्या तयारीतून बाहेर काढा, अण्वस्त्र एकीकडे आणि क्षेपणास्त्र दुसरीकडे ठेवा, की जोडायलाच काही तास जातील.

शंकेखोर

कल्पना छान. पहिलं कोण वेगळं करणार? समोरचा करणार नाही अशी शंका आहे तोवर कोणी करत नसतं, आणि ती शंका तुमच्या घड्याळाच्या कितीतरी आधीची आहे.

निवांत

१९८७ चा आयएनएफ करार, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा. रेगन आणि गोर्बाचेव्ह. दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं तोडली, आणि एकमेकांच्या तळांवर तपासायला माणसं पाठवली. शंका तेव्हाही होतीच, म्हणून तर तपासणी ठेवली.

शंकेखोर

आणि २०१९ मध्ये तो करार संपला. तू आधी मोडलास, नाही तूच आधी मोडलास, असं करत करत.

निवांत

मधली तीस वर्षं धरायची नाहीत का मग?