‘गर्ल, वुमन, अदर’ : बारा जणींना बांधणारे सूत्र कोणते?

प्रश्न
बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या ‘गर्ल, वुमन, अदर’ या कादंबरीला २०१९चे बुकर पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हापासून ती वाचायची राहिली होती. आता बारा व्यक्तिरेखांपैकी सहा वाचून झाल्या आहेत. एकेकीचे आयुष्य मनात रुजू लागते न लागते तोच लेखिका दुसरीकडे वळते. शिवाय पूर्णविराम जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कुठे थांबावे हे कळत नाही. या सगळ्यांना बांधणारे सूत्र कोणते, आणि ते मला दिसत नसेल तर माझ्या वाचनात काय चुकते आहे?

प्रतिसाद १
तुमचे काहीही चुकत नाही. ह्या बायका एकमेकींच्या आयुष्यात वावरतात, पण एकीलाही दुसरीची पूर्ण हकीकत ठाऊक नसते. ती ठाऊक असते फक्त वाचकाला, आणि मला सूत्र दिसते ते इथे. कॅरोल आणि लटिशा यांची प्रकरणे तुम्ही वाचली आहेत. लटिशाच्या घरच्या पार्टीच्या रात्री शाळकरी कॅरोलवर अत्याचार होतो, ती आईलाही काही सांगत नाही, मैत्रिणींपासून तुटते, अभ्यासाला लागते आणि ऑक्सफर्डमार्गे लंडनच्या बँकेत पोहोचते. लटिशाला दिसते ते एवढेच, की ही आपल्याला सोडून गेली. पुढे लटिशाच्या एका मुलाचा बाप म्हणून ट्रे येतो, तेव्हा ते नाव आपण कॅरोलच्या त्या रात्रीच्या हकिकतीत वाचले होते हे आठवून माझा हात पानावरच थांबला होता. त्या दोघींमध्ये याबद्दल एक शब्दही होत नाही. ते मौन सोसावे लागते वाचकाला, आणि एकाच निवेदिकेच्या तोंडून ही गोष्ट आली असती तर ते आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते.

कॅरोलची आई बुम्मी हिचे प्रकरणही पुन्हा चाळा. नायजेरियातल्या इबादान विद्यापीठाची गणिताची पदवी असलेली ही बाई लंडनमध्ये साफसफाईची कामे करून मुलीला वाढवते. ज्या मालकिणीकडे ती कामाला जाते, ती पुढे स्वतःच्या प्रकरणात भेटेल.

प्रतिसाद २
पूर्णविरामांविषयी एवढेच सांगते, की दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. ओळ जिथे तुटते तिथे श्वास घ्यावा. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कानाला ही लय परकी वाटणार नाही.

प्रतिसाद ३
मी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्यामुळे शर्ली मला सर्वांत जवळची वाटली. आम्मा या नाटककार बाईच्या प्रकरणात ती नीरस, चाकोरीतली मैत्रीण म्हणून येते. स्वतःच्या प्रकरणात मात्र मुलांचे आयुष्य घडवण्याच्या ध्यासाने लंडनमधल्या पेकहॅमच्या शाळेत रुजू झालेली तरुण शिक्षिका दिसते, जिचा उत्साह थॅचर सरकारच्या काळातला राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि वाढत जाणारी कागदपत्रे हळूहळू खाऊन टाकतात. तरीही मोजक्या मुलांना ती हाताशी धरते. कॅरोल त्यांपैकीच एक, आणि ती पुन्हा कधी भेटायला आली नाही हे शर्लीला सलत राहते. त्या दुखण्याचे पुढे काय होते, ते रसभंग नको म्हणून सांगत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. शर्लीचे प्रकरण उघडण्याआधी आम्माच्या प्रकरणातली तिच्याविषयीची पाने काल रात्री पुन्हा वाचली. पहिल्या वाचनात मी आम्माचे म्हणणे मुकाट्याने मान्य केले होते, हे तेव्हा लक्षात आले.