शब्दचर्चा : ‘प्रतिलेखन घटक’ म्हणावे की ‘प्रतिलेखन कारक’?

प्रश्न : कर्करोगावरील औषधांविषयी मराठीत लिहिताना मी दोन शब्दांपाशी अडले आहे. डीएनएवर बसून कोणते जनुक चालू राहावे आणि कोणते बंद, हे ठरवणाऱ्या ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ प्रथिनांना ‘प्रतिलेखन घटक’ म्हणावे का? आणि ज्यांच्यावर औषध शोधणे अशक्यप्राय मानले गेले, अशा प्रथिनांसाठी ‘औषध-असाध्य’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘प्रतिलेखन’ नेमका आहे, कारण डीएनएवरील मजकुराची आरएनएमध्ये प्रत उतरवण्याचीच ती क्रिया आहे. माझी हरकत ‘घटक’ला आहे. घटक म्हणजे एखाद्या पूर्ण वस्तूचा भाग, आणि ही प्रथिने तर क्रिया घडवून आणतात किंवा रोखतात. ‘रोगकारक’मुळे ओळखीचा झालेला ‘कारक’ येथे अधिक चपखल बसतो. ‘नियंत्रक’ मात्र फार सैल होईल. प्रतिलेखनावर नियंत्रण ठेवणारी इतरही अनेक प्रथिने पेशीत असतात.

‘असाध्य’ हे विशेषण आपण रोगाला लावतो, त्यामुळे ‘औषध-असाध्य प्रथिन’ वाचून कर्करोगच बरा न होणारा आहे, असा समज होण्याची भीती मला खरोखर वाटते. ‘मात्रा न चालणे’ हा वाक्प्रचार जवळचा आहे, पण त्यात औषध देऊन झाले आणि गुण आला नाही, असे सूचित होते. येथील अडचण त्याआधीची आहे. एन्झाइमला बहुधा एखादी खोबण असते आणि तीत लघुरेणू औषध बसते. ‘मिक’ या प्रतिलेखन कारकासारख्या प्रथिनाचा बराचसा भाग मात्र जोडीदार प्रथिनाविना ठरावीक घडीच धारण करत नाही, मग औषधाने टेकावे कोठे? म्हणून मी ‘औषधाला थारा न देणारे प्रथिन’ असे लिहीन. एचआयएफ-२-अल्फा या कारकाच्या आत एक पोकळी सापडली, तीत बसून त्याची जोडीदार प्रथिनाशी होणारी जुळणी मोडणारे बेल्झुटिफान हे औषध तयार झाले आणि 2021 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे थारा नव्हता असे नाही, तो शोधावा लागला.

प्रश्नकर्ती : ‘थारा’ पटला, परंतु तो सरसकट वापरता येणार नाही, असे वाटते. इस्ट्रोजेन-ग्राही हाही प्रतिलेखन कारकच आहे; त्यात संप्रेरकासाठी मुळातच जागा असते आणि स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन तीच जागा अडवते.

उत्तर : आपली दुरुस्ती मान्य आहे; हे विशेषण सगळ्या वर्गाला नव्हे, त्या त्या प्रथिनालाच लावावे. याच कारणाने ‘लक्ष्य’ आणि ‘थारा’ हे शब्दही वेगळे ठेवावेत. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील लेनालिडोमाइड हे औषध बसते ते सेरेब्लॉन या प्रथिनात. त्यानंतर सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस या कारकांना धरते आणि पेशीतील विल्हेवाटीची यंत्रणा त्यांना नष्ट करते. तेव्हा ‘इकारोस हे या औषधाचे लक्ष्य आहे, पण औषधाला थारा मिळतो तो सेरेब्लॉनमध्ये’, अशी वाक्यरचना करावी.