पोटातल्या बाळाची वाढ मंदावली तेव्हा : आपापले अनुभव लिहूया

सोनटक्का
काल भावजयीच्या सोनोग्राफीचा अहवाल फोनवर वाचून दाखवताना भावाचा आवाज एका ओळीवर अडखळला : बाळाच्या पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने कमी आहे. बारा वर्षांपूर्वी, बत्तिसाव्या आठवड्यात, हेच वाक्य मी ऐकले होते. बाळाचे अंदाजे वजन साडेबाराशे ग्रॅम होते. डोके तारखेप्रमाणे वाढले होते आणि पोट मात्र चांगलेच मागे राहिले होते. वारेतून रक्त कमी येऊ लागले की बाळ आहे तेवढे मेंदूकडे वळवते, यकृतातला साठा भरतच नाही आणि म्हणून पोट आधी बारीक दिसते, हे डॉक्टरांनी समजावले होते, पण माझ्या कानात राहिला तो सासूबाईंचा प्रश्न : "अगं, तू नीट जेवत नव्हतीस का?" त्यांनी तो काळजीपोटीच विचारला होता, तरी पुढे कित्येक वर्षे मी मनातल्या मनात त्याचेच उत्तर देत राहिले.

फुफ्फुसे तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने दिली आणि आठवड्याभराने सिझेरियन झाले. मुलगी १३६० ग्रॅमची होती. अतिदक्षता विभागातल्या सिस्टर सकाळी तिचे वजन सांगत आणि नवरा घरी जाऊन ते कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवी. पहिला आठवडा आकडे उतरतच होते. मग एके दिवशी १५ ग्रॅम वाढले, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. ते पान मी जपून ठेवले आहे. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया लिहावे, कारण भावजय हा धागा वाचणार आहे.

रानजाई
माझ्या पहिल्या खेपेला कारण रक्तदाबाचे होते. सातव्या महिन्यात तो १५०/१०० वर गेला, पायांवर सूज आली आणि बाळ जन्मले तेव्हा अठराशे ग्रॅमचे होते. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासूनच कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली आणि मुलगा २.६ किलोचा झाला. ही गोळी स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नये, परंतु आधीचा इतिहास असेल तर पहिल्याच भेटीत विषय जरूर काढावा.

सह्यकडा
बाबाच्या बाजूने लिहितो. डॉपलर तपासणीत पडद्यावर नाळेतल्या रक्तप्रवाहाच्या लाटा दिसतात. दोन लाटांच्या मधली दरी खालच्या रेषेपासून वर राहिली पाहिजे, कारण हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त बाळाकडून वारेकडे वाहत राहायला हवे. आमच्या पडद्यावर त्या दऱ्या रेषेला टेकत होत्या. तपासणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बायकोच्या पोटावरचे जेल पुसले आणि तिला उठायला हात दिला, त्यावरूनच मला समजले. मुलगा आता चौथीत आहे.

आजोळ
आमच्या वेळी, म्हणजे १९८१ साली, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात "पोट लहान राहिले की सुटका सोपी होते" असे सांगून गरोदर बाईला भाकरी कमी वाढत. त्यातच मी दिवसातून तीनदा मशेरी लावत होते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आणि ती पोटातल्या बाळाची वाढ खुंटवते, हे मला पहिल्या मुलीनंतर नर्सबाईंनी सांगितले. ती एवढीशी होती की तिला ओढून पिता येत नव्हते; माझ्या आईने दूध पिळून महिनाभर बोंडल्याने थेंब थेंब पाजले. दुसऱ्या वेळी मी मशेरीची डबी चुलीत टाकली.

पिंपळपार
सोनटक्का, तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आहाराचा संबंध निश्चित आहे, पण तो आठव्या महिन्यातल्या ताटापुरता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळे मोठी होती. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये हेच पदार्थ घालून केलेला खाऊ बायकांना दिला गेला, तेव्हा दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाल्लेल्या मातांच्या बाळांच्याच वजनात फरक पडला. वार नीट रुजली नसेल तर शेवटच्या दोन महिन्यांत कितीही डिंकाचे लाडू खाल्ले तरी ते बाळापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्या वेळी आईला जाब विचारणे हा अन्याय आहे.

अबोली_२
माझे बाळ राहिले नाही. चौतिसाव्या आठवड्यात हालचाल मंदावली, घरी सगळे म्हणाले की आता त्याला जागा कमी पडते, आणि मी सकाळपर्यंत थांबले. ज्या दवाखान्यात मी जात होते तिथे दर वेळी माझे वजन लिहीत, परंतु पोटाची उंची टेपने एकदाही मोजली नाही. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून ती उंची सेंटिमीटरमध्ये आठवड्यांच्या आकड्याच्या जवळपास असते, हे मला नंतर कळले. भावजयीला सांगा, हालचाल कमी वाटली तर रात्री दोन वाजताही निघायचे.

सोनटक्का
अबोली, हे लिहायला तुम्हाला किती जड गेले असेल ते मी जाणते. तुमचे शेवटचे वाक्य मी तिला आत्ताच वाचून दाखवले.

रानजाई
अबोली, तुमच्या बाळाची आठवण आम्हीही ठेवू.

वॉर्डातली_ताई
मी नवजात विभागात काम करते. बाळाची प्रकृती स्थिर झाली की कांगारू पद्धतीचा आग्रह धरा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली ती सुरू केली. बाळाला लंगोट, टोपरे आणि मोजे एवढेच घालून उघड्या छातीवर उभे ठेवायचे, वरून दुपटे गुंडाळायचे. बाबा आणि आजीसुद्धा हे करू शकतात. छोट्या बाळांची साखर चटकन उतरते, म्हणून झोपले आहे असे समजून दूध चुकवू नये. ठरलेल्या वेळी उठवून पाजावे.

नवी_पालवी
मीच ती भावजय. ताई, आजच्या डॉपलरमध्ये प्रवाह ठीक आहे. पुढची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजते आणि वहीत लिहिते; आज दुपारी तासाभरात बारा झाल्या. तुमच्या लेकीचे ते पहिले टोपरे अजून असेल तर सोमवारी येताना घेऊन याल का?