‘सापत्न वागणूक’, ‘दत्तक’, ‘अनुदान’ : नाशिकच्या निधीला नेमका शब्द कोणता?

मंडळी, आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांनी शासनाला द्यायचं एक निवेदन टाइप करायला माझ्याकडे दिलं. पहिलंच वाक्य : ‘निधीवाटपात नाशिकला सातत्याने सापत्न वागणूक मिळत आहे.’ हे वाक्य लहानपणापासून वाचत आलोय, पण यावेळी हात थांबला.

सपत्नी म्हणजे सवत, तिचं मूल ते सापत्न. म्हणजे हा शब्द लिहिला की आपण एक घर मांडतो. शासन बाप, मुंबई-पुणे आवडतीची लेकरं, नाशिक नावडतीचं. मग लक्षात आलं की या विषयावरचे आपले बहुतेक शब्द त्याच घरातले आहेत. मायबाप सरकार. पालकमंत्री. आणि दत्तक! २०१७ च्या महापालिका निवडणुकीच्या प्रचारात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेत असल्याचं जाहीर केलं. पुढे टीका करणाऱ्यांनीही तोच शब्द धरून ठेवला. दत्तक म्हणजे दिलेला. दत्तकविधानात देणारे आईबाप लागतात. पंधरा लाखांच्या घरातलं शहर कुणी कुणाच्या ओटीत घातलं? शब्द कुठल्या पक्षाच्या तोंडी आहे हा माझा मुद्दा नाही. बापाकडे लाड मागतात, रुसवा धरतात, हिशेब मागत नाहीत. मला हिशेब मागायचा आहे.

दुसरा शब्द अनुदान. माझे वडील १९९० च्या आसपास जकात नाक्यावर कारकून होते. विल्होळीला रात्रपाळी असली की सकाळी घरी यायचे तेव्हा कार्बनने बोटं निळी झालेली असायची, जेवतानासुद्धा डाग जायचा नाही. ट्रकवाला पैसे भरायचा, वडील पावती फाडायचे. तो पैसा शहराचा होता. मे २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटी गेली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. महापालिकेच्या या बुडालेल्या उत्पन्नापोटी शासन दरमहा रक्कम देतं. त्यासाठीच्या २०१७ च्या कायद्याच्या नावात ‘भरपाई’ आहे, पण बातमीत आणि बोलण्यात तिचं होतं ‘जीएसटी अनुदान’. भरपाई आपलं गेलेलं परत देते. अनुदानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. एवढा फरक एका शब्दाने पडतो, आणि तो आपणच पाडून घेतलाय.

तर ‘सापत्न वागणूक’ काढून काय लिहावं? ‘अन्याय’ मोघम वाटतो. ‘पक्षपात’ लिहिलं तर कुणाचा पक्ष, असा वाद आधी उभा राहतो.

— गोदाकाठ

‘समन्यायी’ लिहा, दादा. आमच्या तालुक्यात हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत आहे, फक्त तो ऐकला की लोक चिडतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा, त्यातलं समन्यायी पाणीवाटप. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ठरल्यापेक्षा साठा कमी असला की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. २०२३ ला असंच सोडलं. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी होऊन गेलेली आणि कालव्याच्या पाण्याचं पुढचं आवर्तन मिळेल की नाही याचा घोर. राग आला होता, अजून आहे.

पण शब्द खोटा नाही. समान म्हणजे सगळ्यांना सारखंच. समन्यायी म्हणजे सगळ्यांना एकच न्याय, मग कुणाच्या वाट्याला कमी येवो की जास्त. कुठल्या धरण समूहातून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सुटणार ते आकड्यासकट छापून येतं, म्हणून आम्हाला त्याविरुद्ध भांडता तरी येतं. पाण्याला सूत्र आहे, तसं निधीचं सूत्र दाखवा म्हणावं. आणि ते आपल्या विरुद्ध गेलं तरी मान्य करायची तयारी ठेवा.

— निफाडकर

कुणीतरी ‘अनुशेष’ सुचवेलच, म्हणून आधीच सांगते, जपून वापरा. तो वर्तमानपत्री शब्द झालाय, पण त्याला मोजमाप आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे ते मोजून अनुशेष काढला. १९९४ ला तीन वैधानिक विकास मंडळं झाली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण ‘उर्वरित’मध्ये, कोकण-पुण्यासोबत. (मला हा शब्द कायम टोचत आलाय. दोघांना नाव आणि आपण उरलेले.) एप्रिल २०२० ला या मंडळांची मुदत संपली.

नाशिक शहराने रस्त्यांसाठी अनुशेष म्हणू नये. तो शब्द सुरगाणा-पेठ या आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांचा आहे. जिल्ह्याची सरासरी काढली की शहर वर दिसतं आणि सुरगाणा त्यात बुडून जातो. मुंबईकडे न्याय मागताना आपल्याच जिल्ह्यातल्या पाड्यांचा शब्द उचलू नका.

— सातपूरची मावशी

मावशी, पटलं, अनुशेष लिहीत नाही. निफाडकर भाऊ, ‘समन्यायी’ घेतला. लिहिताना आणखी एक गोष्ट दिसली, ती क्रियापदांची. आपण सगळ्याला ‘मिळाले’ म्हणतो. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हाही गल्लीत ‘मिळाले’ हाच शब्द होता. जाहीर, मंजूर, तरतूद, वितरित आणि खर्च अशा पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. पैसा तिसऱ्या पायरीवर थांबला तरी पेढे पहिल्याच पायरीवर वाटून झालेले असतात.

ज्येष्ठांपैकी एक काका ‘सापत्न’ सोडायला तयार नव्हते. ‘अरे, त्यात आमचं दुःख आहे,’ म्हणाले. ते खरंच आहे. म्हणून तो शब्द शेवटच्या परिच्छेदात त्यांच्यासाठी ठेवलाय. पहिलं वाक्य मात्र बदललं :

‘राज्याच्या निधीत नाशिक शहराचा समन्यायी वाटा किती, तो कोणत्या निकषाने ठरला, आणि त्यापैकी आजअखेर किती रक्कम वितरित झाली, हे आम्हाला लेखी कळवावे.’

— गोदाकाठ