सिगविनची मोजकी साधने स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये घालण्याबाबत

प्रश्न: आमच्या विंडोज सॉफ्टवेअरसोबत सिगविन (लिनक्ससारखी साधने विंडोजवर वापरता येतील असा संच) यातील बॅश (आज्ञा चालवणारे), ग्रेप (मजकूर शोधणारे) आणि आरसिंक (फायलींच्या प्रती जुळवणारे) ही साधने द्यायची आहेत, केवळ त्यांच्या फायली इन्स्टॉलरमध्ये घालणे पुरेसे होईल का?

उत्तर १: नाही. प्रत्येक साधनावर सिगविनचे ‘सिगचेक’ (cygcheck) चालवून ते कोणत्या डीएलएल फायलींवर (साधन चालण्यासाठी सोबत लागणाऱ्या सामायिक फायलींवर) अवलंबून आहे ते आधी पाहावे. ग्राहकाकडे सिगविन अगोदरच असेल, तर तुमची आणि त्याची अशा सिगविनच्या दोन प्रती होतात; एका प्रतीतील साधनाने दुसऱ्या प्रतीतील साधन सुरू करताच गोंधळ उडतो आणि दोष मात्र भलतीकडेच शोधला जातो. म्हणून दोन्ही प्रतींचे फोल्डर पाथमध्ये (विंडोज जिथे साधने शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) एकत्र येऊ देऊ नयेत.

उत्तर २: परवान्याचेही पाहावे. ही तिन्ही साधने जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) आवृत्ती ३ खाली येतात. त्यामुळे दिलेल्या नेमक्या आवृत्तीचा मूळ कोड ग्राहकाला उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी तुमचीच राहते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. परवान्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.